गती व बल यांची उजळणी : अकोले परिसरातील अनुभवांच्या आधारे काही मूलभूत संकल्पनांचे विवेचन

बीजसंज्ञा : गती, बल, घर्षण, जडत्व, संवेग, माध्यमिक विज्ञान शिक्षण

प्रस्तावना :

माध्यमिक स्तरावरील विज्ञानाच्या अभ्यासक्रमात गती व बल या घटकाला पायाभूत स्थान आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या पाठ्यपुस्तकाचा आरंभच ‘गतीचे नियम’ या पाठाने होतो. तत्पूर्वी सातवीतील ‘गती, बल व कार्य’ आणि आठवीतील ‘बल व दाब’ या पाठांतून विद्यार्थ्याची या विषयाशी ओळख झालेली असते आणि पुढे दहावीत ‘गुरुत्वाकर्षण’ हा पाठ त्याच पायावर उभा राहतो. असे असूनही घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांत एक विसंगती वारंवार दिसून येते. न्यूटनचा पहिला नियम शब्दशः बिनचूक लिहिणारा विद्यार्थी लगेच पुढच्या प्रश्नात, सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने जाणाऱ्या बैलगाडीवरील एकूण बल किती, या प्रश्नाला ‘गाडी पुढे जाते म्हणून पुढच्या दिशेने बल अधिक’ असे उत्तर देतो. पहिल्या उत्तराचे गुण त्याला मिळतात, दुसऱ्याचे जातात. आणि एकाच पानावरील ही दोन उत्तरे परस्परांना छेद देणारी आहेत, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. विद्यार्थ्याच्या हातापायांनी घेतलेला अनुभव त्याला तेच सांगत असतो. ओढणे थांबले की गाडी थांबते, ढकलणे थांबले की पिंप थांबते. यावरून ‘गती टिकवण्यासाठी बल लागते’ हा निष्कर्ष त्याने शाळेत येण्यापूर्वीच काढलेला असतो. चाचणीपूर्वीच्या उजळणीत सूत्रांची यादी पुन्हा पाठ करून घेतल्याने हा निष्कर्ष जागचा हलत नाही. तो ज्या अनुभवातून आला, त्याच अनुभवाची फोड करावी लागते. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या परिसरातील काही नित्याच्या अनुभवांच्या साहाय्याने अशी फोड करण्यात आली आहे. कळसूबाई व हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगांत, प्रवरा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यांत वाढणाऱ्या मुलांना चढ, उतार, धबधबा, चिखल, औत आणि गोफण यांची ओळख पुस्तकाआधी झालेली असते. ही शिदोरी पुस्तकातील गुळगुळीत टेबलावरच्या ठोकळ्यापेक्षा कितीतरी समृद्ध आहे.

व्यवहारातील शब्द आणि शास्त्रातील शब्द :

मराठी माध्यमातून विज्ञान शिकण्याचा एक लाभ असा की बहुतेक पारिभाषिक संज्ञा ओळखीच्या शब्दांतून घडलेल्या आहेत. मात्र नेमका हाच ओळखीचेपणा पुष्कळदा अडचणीचा ठरतो. बोलीत ‘वेग’, ‘गती’, ‘चाल’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. शास्त्रात चाल ही अदिश राशी आहे, तर वेग ही सदिश राशी आहे. वेगाला दिशा असते. बोलीत ‘बल’, ‘शक्ती’, ‘जोर’, ‘ताकद’ यांत फारसा भेद नाही. शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात, शक्ती वॅटमध्ये, आणि कार्य व ऊर्जा ज्यूलमध्ये. ‘बैलात शक्ती आहे’ या वाक्यातील शक्ती पुस्तकातील शक्तीहून वेगळी आहे, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगितल्याखेरीज विद्यार्थ्याला ते आपोआप उमगत नाही.

‘वजन’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. आठवडे बाजारात तागडीवर जे मोजले जाते त्याला सर्व जण वजन म्हणतात आणि ते किलोग्रॅममध्ये सांगतात. शास्त्राच्या दृष्टीने किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने आपल्याकडे खेचते ते बल, आणि त्याचे एकक न्यूटन. 50 किलोग्रॅम वस्तुमानाच्या धान्याच्या पोत्याचे वजन 50 × 9.8, म्हणजे 490 न्यूटन होते. हेच पोते चंद्रावर नेले तर त्याचे वस्तुमान 50 किलोग्रॅमच राहील, वजन मात्र सुमारे एक षष्ठांश होईल. दोन पारड्यांची तागडी चंद्रावरही 50 किलोच दाखवील, कारण दोन्ही बाजूंचे वजन सारख्याच प्रमाणात घटते. स्प्रिंगचा काटा मात्र कमी दाखवील. हा एक भेद समजला की वस्तुमान आणि वजन यांची गल्लत सहसा पुन्हा होत नाही.

‘काम’ आणि ‘कार्य’ यांविषयी एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक वाटते. डोक्यावर हंडा घेऊन सपाट वाटेने चालणाऱ्या बाईने हंड्यावर लावलेल्या ऊर्ध्व बलाने केलेले कार्य शून्य असते, असे विज्ञानात शिकवले जाते. उन्हाळ्यात दुरून पाणी आणणाऱ्या घरातील मुलीला हे विधान अन्यायाचे वाटले तर त्यात नवल नाही. बल आणि विस्थापन परस्परांना लंब असल्याने ती विशिष्ट राशी शून्य येते, शरीराला होणारे श्रम खरेच असतात, आणि विहिरीतून हंडा वर ओढताना किंवा तो घेऊन चढ चढताना कार्य शून्य नसते, एवढा खुलासा शिक्षकाने त्याच तासाला करणे योग्य ठरते.

अंतर, विस्थापन, वेग व त्वरण :

हा भाग तुलनेने सोपा असल्याने त्याचा थोडक्यात परामर्श घेणे पुरेसे आहे. बारी गावातून कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीच्या शिखरावर जाऊन त्याच वाटेने परत आलेल्या व्यक्तीने काही किलोमीटर अंतर कापलेले असते, परंतु तिचे विस्थापन शून्य असते. साहजिकच संपूर्ण प्रवासातील तिचा सरासरी वेग शून्य येतो, सरासरी चाल मात्र शून्य येत नाही. चाचणीत ‘अंतर शून्य नसताना विस्थापन शून्य असू शकते का’ असा प्रश्न आल्यास इतके एक उदाहरण पुरते.

एककांच्या रूपांतरात मात्र अनेक गुण हकनाक जातात. एखाद्या बसने 24 किलोमीटर अंतर 40 मिनिटांत कापले तर तिची सरासरी चाल ताशी 36 किलोमीटर होते. ताशी किलोमीटरला 3.6 ने भागले की मीटर प्रति सेकंद मिळतात. म्हणून ही चाल 10 मीटर प्रति सेकंद झाली. गतिविषयक समीकरणांत किमती घालण्यापूर्वी हे रूपांतर करणे अनिवार्य आहे.

त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर. 10 मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारी बस ब्रेक लावल्यावर 5 सेकंदांत थांबली तर तिचे त्वरण उणे 2 मीटर प्रति सेकंद वर्ग होते आणि थांबेपर्यंत ती 25 मीटर पुढे जाते. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी 72 किलोमीटर धरला आणि ब्रेकचा परिणाम तोच ठेवला, तर थांबण्यासाठी लागणारे अंतर दुप्पट, म्हणजे 50 मीटर असेल असा बहुतेकांचा अंदाज असतो. गणित केल्यावर ते 100 मीटर येते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. घाटातील वळणापाशी ‘वाहने सावकाश हाका’ असा फलक का असतो, याचे उत्तर या चौपटीत आहे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर घर्षण कमी झाल्याने हे अंतर आणखी वाढते.

पहिला नियम : घर्षणाने झाकलेले सत्य :

न्यूटनचा पहिला नियम असे सांगतो की वस्तूवर असंतुलित बल कार्य करत नसेल तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने जात राहते. नियमाचा पूर्वार्ध सर्वांना पटतो. जाग्यावर पडलेला धोंडा आपोआप हलत नाही, हे सांगायला न्यूटनची गरज नाही. खरी अडचण उत्तरार्धाची आहे. आपोआप चालत राहणारी वस्तू अकोल्यातच काय, पृथ्वीच्या पाठीवर कोठेही सहजी दृष्टीस पडत नाही.

येथे बैलगाडीचे उदाहरण उपयुक्त ठरते. जुन्या लाकडी चाकांची, लोखंडी धाव बसवलेली गाडी कच्च्या वाटेवर बैल थांबताच थांबते. ऊस वाहणारी टायरची गाडी डांबरी सडकेवर बैल थांबले तरी पुढे रेटू पाहते. सपाट रस्त्यावरही गाडीवानाला तिला आवरावे लागते. दोन्ही गाड्यांना पुढे ढकलणारे काही नवीन निर्माण झालेले नाही. फरक आहे तो मागे खेचणाऱ्या घर्षणात. टायर व बेअरिंगमुळे घर्षण कमी झाले आणि गाडी अधिक काळ चालत राहिली. आता हे घर्षण मनातल्या मनात आणखी कमी करत न्यावे. अगदी शून्यावर आल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल? ती थांबणारच नाही. गॅलिलिओने (1564–1642) उतरणीवरून सोडलेल्या गोळ्यांच्या निरीक्षणातून ज्या वाटेने विचार केला, ती वाट मूलतः हीच होती. न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याला नियमाचे रूप मिळाले. 1977 साली प्रक्षेपित झालेले व्हॉयेजर-1 हे अंतराळयान कोणतेही इंजिन ढकलत नसताना सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. तेथे घर्षण नाही. सूर्याचे अतिक्षीण आकर्षण तेवढे आहे.

मग बैल गाडी ओढतात ते कशासाठी? एकसमान वेगाने चालणाऱ्या गाडीवर घर्षणाचे 400 न्यूटन बल मागच्या दिशेने असेल, तर बैलांनी पुढे लावलेले बलही नेमके 400 न्यूटनच असते. दोन्ही बलांची बेरीज शून्य. बैल गती ‘निर्माण’ करत नसतात. घर्षण जी गती खाऊन टाकते, तिची भरपाई करत असतात. ही भरपाई जास्त झाली की वेग वाढतो, कमी पडली की वेग घटतो. प्रारंभी उल्लेखिलेल्या चाचणीतील प्रश्नाचे उत्तर इतके सरळ आहे. ‘एकसमान वेगाने’ हे दोन शब्द प्रश्नात दिसले की एकूण बल शून्य, हे विद्यार्थ्याने मनात पक्के करावे.

विद्यार्थ्याच्या चुकीच्या धारणेला मोठी परंपरा आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. ॲरिस्टॉटलला (इ. स. पू. 384–322) गतीसाठी सतत ढकलणारे काहीतरी हवे असे वाटत होते. आपल्याकडील वैशेषिक दर्शनात सुटलेल्या बाणाची पहिली गती धनुष्याच्या प्रेरणेने व पुढची गती बाणात निर्माण झालेल्या ‘वेग’ नामक संस्काराने होते, असा विचार मांडलेला आहे. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये ब्यूरिदाँने याच्याशी मिळतीजुळती कल्पना मांडली. कणादांनी न्यूटनचे नियम आधीच सांगून ठेवले होते, असे अलीकडे काही ठिकाणी लिहिले जाते. ते स्वीकारता येत नाही, कारण वस्तूमध्ये भरलेल्या आणि पुढे क्षीण होत जाणाऱ्या संस्काराची कल्पना न्यूटनच्या जडत्वाहून मूलतः भिन्न आहे. तथापि प्राचीन विचारवंतांनी जो प्रश्न इतक्या गांभीर्याने हाताळला, त्याच प्रश्नापाशी नववीतील मूल अडखळते, हे शिक्षकाला धीर देणारे आहे. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी 1982 साली आणि डेव्हिड हेस्टेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 ते 1992 या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून महाविद्यालयीन विद्यार्थीही हीच चूक करतात, हे दाखवून दिले आहे.

जडत्वाची उदाहरणे शेतकरी घरांतून मुबलक मिळतात. गोधडी झटकली की धूळ निघते, कारण गोधडी अचानक हलते आणि धूळ जागीच राहू पाहते. फांदी हलवली की जांभळे पडतात ती याच कारणाने. कुऱ्हाड सैल झाली की दांडा उभा धरून त्याचे खालचे टोक दगडावर आपटतात. दांडा अचानक थांबतो, वरचे जड पाते मात्र खाली जात राहते आणि दांड्यावर घट्ट बसते. या क्रियेत पहिल्या नियमाचा उत्तरार्ध प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडतो; म्हणून चाचणीत जडत्वाचे उदाहरण विचारल्यास बसमधील प्रवाशाच्या ठरावीक उदाहरणाऐवजी हे लिहिण्यास काहीच हरकत नाही.

दुसरा नियम : उफणणीचे शास्त्र :

दुसऱ्या नियमानुसार संवेगातील बदलाचा दर हा लावलेल्या बलाच्या प्रमाणात व बलाच्याच दिशेने असतो. वस्तुमान कायम असताना याचेच रूप बल = वस्तुमान × त्वरण असे होते. या सूत्रावर किमती घालून उत्तर काढण्यात फारशी अडचण येत नाही. सूत्राचा अर्थ मात्र एका जुन्या कृषिकर्मातून अधिक चांगला उलगडतो.

तालुक्याच्या पश्चिम भागात भात हे मुख्य पीक आहे. झोडणी झाल्यावर भाताचे दाणे उफणले जातात. सुपातून धार धरली की भरलेले दाणे जवळजवळ पायाशी पडतात आणि पोचट दाणे वाऱ्याबरोबर दूर जातात. असे का, या प्रश्नाला ‘पोचट दाणा हलका असतो म्हणून त्याला वारा जास्त लागतो’ असे उत्तर बहुधा मिळते. आता हे उत्तर तपासून पाहावे. भरलेला व पोचट, दोन्ही दाण्यांचे टरफल एकाच आकाराचे व जवळजवळ एकाच मापाचे आहे. वाऱ्याचे बल वस्तूच्या आकारावर व मापावर अवलंबून असते. आत तांदूळ आहे की नाही, हे वाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणजे सुटल्याबरोबर दोघांवर वाऱ्याचे बल जवळपास सारखेच असते. वस्तुमान मात्र भिन्न आहे. पोचट दाण्याचे वस्तुमान एक दशांश धरले तर त्याचे आरंभीचे आडवे त्वरण दहापट होते, आणि म्हणून तो दूर जातो. शिवाय हवेच्या रोधामुळे तो खाली यायलाही अधिक वेळ घेतो, त्यामुळे वाऱ्याला त्याला वाहून नेण्यास जास्त अवधी मिळतो. एकच बल, दोन वस्तुमाने, दोन त्वरणे : दुसऱ्या नियमाचा इतका स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही क्वचितच होत असेल, आणि तो दर वर्षी खळ्यावर होतो.

नियमाचे संवेगाच्या भाषेतील रूपही तितकेच महत्त्वाचे आहे. ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर वेगाने जाणाऱ्या जीपमधील 50 किलोग्रॅम वस्तुमानाच्या प्रवाशाचा संवेग 750 किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद इतका असतो. जीप थांबताना हा सगळा संवेग शून्य व्हावाच लागतो. तो 5 सेकंदांत शून्य झाला तर प्रवाशावर सरासरी 150 न्यूटन बल येते, जे हाताने दांडी धरून सहज पेलता येते. तोच संवेग आदळण्याच्या प्रसंगी एक दशांश सेकंदात शून्य झाला तर बल 7500 न्यूटन होते. हे बल प्रवाशाच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे पंधरा पट आहे. कितीही बळकट हात असले तरी एवढ्या बलापुढे दांडी धरून काही उपयोग नसतो. आसनपट्टा व शिरस्त्राण या साधनांचे मुख्य कार्य हे संवेग शून्य होण्यास लागणारा वेळ वाढवण्याचे आहे. डोंगर उतरताना उडी मारावी लागली तर गुडघे वाकवून उतरावे, हे कोणीही डोंगरातले मूल न शिकवता करते. ते दुसऱ्या नियमाचेच उपयोजन होय.

तिसरा नियम : बैल, गाडी आणि चिखल :

तिन्ही नियमांत सर्वांत जास्त पाठ होणारा आणि सर्वांत कमी समजणारा नियम हा तिसरा नियम होय. ‘क्रिया’ व ‘प्रतिक्रिया’ या शब्दांमुळे आधी क्रिया घडते व मागाहून तिला उत्तर म्हणून प्रतिक्रिया घडते, असा समज होतो. वास्तविक दोन्ही बले एकाच क्षणी निर्माण होतात व एकाच क्षणी नाहीशी होतात. त्यांपैकी कोणत्याही एकाला क्रिया म्हणावे. न्यूटनच्या नियमातील कळीचा शब्द परस्पर हा आहे.

नियमावरील नेहमीची शंका अशी : बैल जितक्या बलाने गाडीला पुढे ओढतो, तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर दोन्ही बले एकमेकांना रद्द करतील आणि गाडी कधीच हलणार नाही. शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन एका वाक्यात होते : ही दोन बले एकाच वस्तूवर नसतात. रद्द होतात ती एकाच वस्तूवरील बले. गाडी हलते की नाही हे ठरवताना केवळ गाडीवरील बलांचा हिशेब करावा. बैलाचा हिशेब बैलाच्या खात्यावर लिहावा.

आकड्यांत पाहू. बैलजोडीचे वस्तुमान 600 किलोग्रॅम, गाडीचे 500 किलोग्रॅम, गाडीवरील घर्षण 400 न्यूटन आणि बैलांची ओढ 600 न्यूटन समजू. गाडीवर पुढे 600 व मागे 400, म्हणून पुढच्या दिशेने 200 न्यूटन शिल्लक राहते व गाडीचे त्वरण 0.4 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. बैलही गाडीसोबत याच त्वरणाने पुढे जातात, म्हणजे त्यांच्यावर 600 × 0.4 = 240 न्यूटन असंतुलित बल पुढच्या दिशेने हवे. गाडी तर त्यांना 600 न्यूटनने मागे ओढत आहे. मग पुढे ढकलणारे 840 न्यूटन बल येते कोठून? ते जमीन देते. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात आणि जमीन बैलांना तितक्याच बलाने पुढे रेटते. याच कारणाने चिखलणीच्या वेळी खाचरात तोच बैल हतबल होतो. त्याचे स्नायू दुबळे झालेले नसतात. चिखलात खूर सरकतो, जमिनीला मागे रेटता येत नाही, म्हणून जमीनही त्याला पुढे रेटत नाही. येथे घर्षणाची दुसरी बाजू उघड होते. पहिल्या नियमाच्या विवेचनात गतीचा शत्रू भासलेले घर्षण चालण्याच्या क्रियेत एकमेव आधार ठरते.

तिसऱ्या नियमातील जोडी ओळखण्यातही नेहमी एक चूक होते. डोक्यावरील हंड्याचे वजन खाली आणि डोक्याचा आधार वर, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे असे सर्रास लिहिले जाते. ही दोन्ही बले हंड्यावरच आहेत. ती संतुलित बले आहेत, परस्परांची प्रतिक्रिया नव्हेत. पृथ्वी हंड्याला खाली खेचते, तर तिची जोडी हंडा पृथ्वीला वर खेचतो ही होय. डोके हंड्याला वर रेटते, तर तिची जोडी हंडा डोक्याला खाली दाबतो ही होय. जोडीतील दोन बले नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, ही कसोटी लावली की चूक टळते.

संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत तिसऱ्या नियमातूनच निघतो. भंडारदऱ्याच्या जलाशयात 100 किलोग्रॅमच्या स्थिर होडीतून 50 किलोग्रॅमचा मुलगा काठाकडे सेकंदाला 2 मीटर वेगाने उडी मारतो तेव्हा होडी सेकंदाला 1 मीटर वेगाने मागे सरते. दोघांचा एकूण संवेग आधी शून्य होता, नंतरही शून्यच राहतो. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चे विक्रम हे अवतरक चंद्रावर उतरले, तेव्हाही इंजिनांतून खाली सोडलेल्या वायूनेच त्याला वर रेटून धरले होते. हवा नसल्याने तेथे हवाई छत्रीचा उपयोग नव्हता.

गोफण, धबधबा आणि वर फेकलेला दगड :

पिकावर उतरणारी पाखरे हाकलण्यासाठी माळ्यावरून फिरवली जाणारी गोफण म्हणजे वर्तुळाकार गतीचे मूर्तिमंत उदाहरण होय. गोफणीतील दगडाची चाल एकसमान असली तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून वेग बदलतो, म्हणून त्वरण असते, आणि म्हणून बल असते. हे बल हाताच्या, म्हणजे केंद्राच्या दिशेने असते. त्यास अभिकेंद्री बल म्हणतात. गोफणीचे एक टोक सोडले की हे बल नाहीसे होते आणि दगड त्या क्षणीच्या स्पर्शिकेच्या दिशेने निघून जातो. दगड केंद्रापासून सरळ बाहेर फेकला जातो, असे अनेक विद्यार्थी आकृतीत दाखवतात. गोफण कोणत्या क्षणी सोडावी हे अचूक साधणाऱ्या राखणदाराच्या हाताला मात्र स्पर्शिका ठाऊक असते. तो पाखरांच्या रोखाने हात असताना टोक सोडत नाही. चांगला पाव फेरा आधीच सोडतो.

प्रवरेवरील रंधा धबधब्याची उंची सुमारे 50 मीटर धरली व हवेचा रोध नाही असे मानले, तर पाणी 3.2 सेकंदांत खाली पोहोचेल आणि त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे 31 मीटर, म्हणजे ताशी 110 किलोमीटरहून अधिक असेल. या गणितात पाण्याच्या वस्तुमानाचा उल्लेखही आला नाही, ही बाब विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून द्यावी. प्रत्यक्षात धारेचे तुषार होतात आणि प्रत्येक थेंबावर हवेचा रोध कार्य करू लागतो. थेंबाचा वेग वाढतो तसा रोधही वाढतो. रोध वजनाएवढा झाला की थेंब एकसमान वेगाने पडू लागतो. पडतो आहे, परंतु एकूण बल शून्य आहे. पावसाच्या मोठ्या थेंबाचा हा अंतिम वेग सेकंदाला सुमारे 9 मीटर असतो. म्हणूनच ढगांतून पडणारा पाऊस माणसाला इजा करत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात याच्याही पुढचा प्रकार घडतो. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो. त्याचा ऊर्ध्व वेग थेंबांच्या अंतिम वेगाहून अधिक झाला की कड्यावरून खाली पडणारे पाणी उलटे वर उसळते. गुरुत्वाकर्षण तेथे कमी झालेले नसते. थेंबावर वजन खाली व हवेचे बल वर, अशी दोनच बले आहेत आणि त्या क्षणी दुसरे पहिल्याहून मोठे आहे, इतकाच त्याचा अर्थ.

चाचणीत हमखास विचारला जाणारा प्रश्न यानंतर सोडवावा. एक दगड सेकंदाला 19.6 मीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा रोध दुर्लक्षित करावा. वेग दर सेकंदाला 9.8 ने घटत असल्याने 2 सेकंदांत तो शून्य होतो, दगड 19.6 मीटर उंची गाठतो आणि फेकल्यापासून 4 सेकंदांनी हातात परत येतो. गणित इथे संपते, पण प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा असतो : दगड वर जात असताना, सर्वोच्च बिंदूवर असताना व खाली येत असताना त्याच्यावरील बले बाणांनी दाखवा. वर जाणाऱ्या दगडावर वरच्या दिशेचा बाण काढण्याचा मोह येथे अनावर होतो. तो बाण कोणाच्या बलाचा, असे विचारावे. हाताचा म्हणावा, तर हात केव्हाच सुटला आहे. दगडाला स्पर्श करणारी हवा आपण दुर्लक्षित केली आहे. उरते ती फक्त पृथ्वी, आणि ती खालीच खेचते. तिन्ही आकृत्यांत खाली जाणारा एकच बाण, तोही सारख्याच लांबीचा. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असला तरी त्वरण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनेच असते. तेथे त्वरणही शून्य असते, तर पहिल्या नियमानुसार दगड आकाशात तसाच लटकून राहिला असता.